गाऱ्हाण्यात नसलेले नाव

पेडण्यातल्या त्या गावाने माझ्यावर अन्याय केला आहे आणि तो अजून मिटलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी आबाबद्दल काही बरे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटू नये की माझा राग गेला. राग होता तिथेच आहे.

मी कोण, तेही सांगतो. माझे वडील सावंतवाडीकडून सुर्ल्याच्या खाणीवर मजुरीला आले. मी खनिजाचे ट्रक धुण्यापासून सुरुवात केली. धुता धुता क्लीनर झालो, क्लीनरचा ड्रायव्हर झालो आणि एक दिवस जुना ट्रक विकत घेऊन मालक झालो. ट्रक विकून निळी मिनीबस घेतली. यात मला कोणी हात दिला नाही. जे मिळवले ते घासाघीस करून. माझा नियम एकच: घाई समोरच्याला आहे, आपल्याला नाही, असे तोंडावर ठेवायचे. बेळगावच्या गॅरेजवाल्यापासून म्हापशाच्या टायरवाल्यापर्यंत सगळे मला ओळखून आहेत. मी दुकानाची पायरी चढताना दिसलो की मालक पोराला चहा सांगायचे, कारण आता तासभर तरी हा हलत नाही हे त्यांना माहीत. वर माझा पारा लवकर चढतो, तेही माहीत.

असा मी, आणि मला आयुष्यात एकाच माणसाने हरवले. त्याला घासाघीस येतच नव्हती.

गावात सगळे त्याला आबा म्हणत. खरे नाव लिहून उपयोग नाही, त्या नावाने त्याला त्याच्या शेजाऱ्यानेही ओळखले नसते. आमच्या मालवणी मुलखात काय आणि गोव्यात काय, वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणण्यात अनादर नसतो, म्हणून मी त्याच्याबद्दल एकेरीतच लिहितो. तोही सगळ्यांना ‘तू’च म्हणायचा. पणजीच्या कचेरीतल्या साहेबालासुद्धा म्हटले, ते पुढे येईल.

गोवा घटक राज्य झाले त्या सुमाराची गोष्ट. पेडण्याहून त्या गावापर्यंतचा बसमार्ग मला मिळाला. मिळाला म्हणजे दुसरा कोणी घेत नव्हता. पेडणे म्हटले की लोकांना समुद्रकिनारा आठवतो, पण हे गाव उलट्या दिशेला, डोंगराच्या कुशीत. रस्ता सातेरीच्या देवळासमोर येऊन संपायचा. पुढे डोंगर, वर सडा, म्हणजे काळ्या जांभ्या दगडाचे उघडे पठार. देवळाच्या एका बाजूला तळी आणि दुसऱ्या बाजूला वडाचे झाड. गाडी वळवायची तर या दोहोंच्या मधून मागे घ्यावी लागे.

पहिल्या दिवशी मी तशी मागे घेत होतो आणि मागचे चाक तळीच्या काठावर गेले. तेवढ्यात शिटी वाजली. आरशात पाहिले तर एक म्हातारा. कमरेला पंचा, अंगात काही नाही, डोक्यावर पिवळेधमक हेल्मेट. कारखान्यात घालतात तसले. तोंडात शिटी आणि दोन्ही हात हवेत. मूठ आवळली की थांब. पंजा उघडून खाली दाबला की हळू हळू सोड. बोट फिरवले की चाक फिरव. मी काही विचार न करता तो सांगेल तसे केले आणि गाडी लोण्यातून सुरी काढावी तशी वळली. खाली उतरून म्हटले, ‘‘खय शिकलास ह्या?’’

‘‘मुरगांवां,’’ तो म्हणाला.

मुरगावच्या बंदरात त्याने उभी नोकरी जहाजाच्या काठावर काढली होती. जहाजाच्या पोटात खनिज सोडताना क्रेनवाल्याला आतले दिसत नाही. काठावर उभा असलेला माणूस हाताने सांगेल तेवढेच त्याला दिसते. आबा तो काठावरचा माणूस. निवृत्त होऊन आला तो हेल्मेट, शिटी आणि ते हात घेऊन. गावात आता तो हाताने म्हशी वळवायचा, लग्नाची वरात वळवायचा, भजनात बुवाने फार ताणले तर मूठ आवळायचा आणि बुवा थांबायचा. हेल्मेट घालायचा ते माडाखालून जाताना नारळ पडेल म्हणून. मी एकदा म्हटले, ‘‘आबा, नारळ पडान कोण मेलो काय रे ह्या गावात?’’

‘‘एकूय ना,’’ तो अभिमानाने म्हणाला, जणू सगळ्या गावाच्या वाटचे हेल्मेट तोच घालत होता.

त्या वर्षीची जत्रा झाली आणि मी मार्ग बंद करायचे ठरवले. गाडीत माणूस नव्हता. सकाळी चार बायका पेडण्याला भाजी घेऊन जायच्या आणि संध्याकाळी त्याच परत यायच्या. एका गाडीवर माझे सगळे उभे आयुष्य होते. ती रिकामी चालवायला मी काही देवस्थानाचा ट्रस्ट नव्हतो. गावात सांगायचे कोणाला, तर आबाला. त्याच्या ओट्यावर गेलो. तो उंडे, म्हणजे गोव्यातले गोल कडक पाव, चहात बुडवून खात होता. मी मनात तयारी करून गेलो होतो: तो रडेल, पाया पडेल, म्हातारी माणसे दाखवील, आणि मी दगडासारखा बसेन.

‘‘गाडी बंद करतंय,’’ मी म्हटले.

‘‘बरें,’’ आबा म्हणाला. ‘‘चा घे.’’

मी चहा घेतला. माझा कप रिकामा झाला, त्याचे उंडे चालूच. शेवटी मलाच राहवेना. ‘‘काय बोलणंस नाय तो?’’

‘‘तुका गाडयेंत मनशां जाय, न्हय? खंयचीय चलतलीं?’’

‘‘माणसा ती माणसा.’’

‘‘तर हांव हाडटां. फुडल्या जात्रे मेरेन गाडी चलय.’’

पुढच्या जत्रेपर्यंत. मी लगेच अटी घातल्या. गाडी रात्री त्याच्या अंगणात राहील. ड्रायव्हरचे, म्हणजे माझे, जेवणखाण तो बघेल. चढावरचे खड्डे भरून देईल. तो प्रत्येक अटीला ‘बरें’ म्हणत गेला. मी आणखी चढवले. धुलाईचे पाणी त्याच्या विहिरीचे. बरें. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. बरें. समोरचा ओढत नसेल तर दोरी कशाला धरायची? उठून निघालो तेव्हा सगळे माझ्या मनासारखे झाले होते आणि तरी वाटभर मी अटी परत परत मोजत होतो. दुसऱ्या दिवशी चढावर पाहिले तर पिवळे हेल्मेट उन्हात चमकत होते. आबा स्वतः घमेल्याने दगड टाकून खड्डे भरत होता.

माणसे आणणार म्हणजे कुठून, तर त्याच्या डोक्यात पर्यटक होते. बंदरात त्याने जगभरचे खलाशी पाहिले होते. त्याचे म्हणणे असे की गोरा माणूस काही कामाशिवाय चालत सुटतो, आणि असा माणूस डोंगराकडे आज ना उद्या वळणारच. किनारा त्याला मान्य नव्हता. ‘‘दर्यो सगळ्यांचो,’’ तो म्हणायचा, ‘‘दोंगर आमचो.’’

पण आबा पर्यटक हा शब्द कधी वापरत नसे. पाहुणे म्हणायचा, आणि पाहुणे येणार म्हणून त्याने सबंध गावाला शिकवायला घेतले. संध्याकाळी देवळासमोर माणसे जमवायचा. पाहुण्याला पगार विचारायचा नाही. मुले किती ते विचारायचे नाही. जात तर मुळीच नाही.

‘‘मागीर विचारूं कितें?’’ एक म्हातारी म्हणाली. ‘‘पाहुण्याक घरांत घेवन मोनें बसूं?’’

आबाने विचार केला. ‘‘वारें कशें आसा, तें विचार.’’

‘‘वारें तांकां दिसता मरे. तांणीं म्हाका सांगपाक कित्याक जाय?’’

आबाने मूठ आवळली आणि सभा संपली.

मग पाटी आली. मोठ्या रस्त्यावर जिथे गावाचा फाटा फुटतो तिथे पाटी लावायची ठरली. ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. पाटी मराठीत लिहायची म्हटले तर गावची खालची वस्ती, म्हणजे खालचा वाडा, रुसणार, कोंकणीत लिहायची तर वरचा. आबाने दोघांनाही ‘बरें’ म्हटले आणि एकही शब्द न लिहिता पाटी केली. आमच्याकडे सातेरी म्हणजे वारूळ. देवळाच्या गाभाऱ्यात जमिनीतून वर आलेले मोठे लाल वारूळ आहे, त्यावर देवीचा मुखवटा. आबाने पत्र्यावर तेच रंगवले: लाल ढीग आणि खाली बाण.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी गाडी घेऊन चढ चढतो तो वरून खनिजाने भरलेला ट्रक उतरतोय. रस्ता एका गाडीचा. मी खाली उतरून ड्रायव्हरची आई-बहीण काढली. तो बिचारा डिचोलीकडचा, मला ओळखत होता. ‘‘दादा, रागावू नकोस. खाली पाटी बघितली. लाल ढीग, बाण. म्हटले नवीन प्लॉट झाला असेल, माल इथे उतरवायचा.’’ देवळापर्यंत जाऊन आला होता. तिथे गावात खाण सुरू झाली म्हणून बायका रडायला लागल्या होत्या आणि दोघांनी तर जमिनीचा भाव काय येईल याचा हिशेबही सुरू केला होता. त्यानंतर आणखी दोन ट्रक आले. मी आबाला म्हटले, ‘‘माणसा हाडतंय म्हणालेलंस, तू तर दगड हाडलंस.’’

‘‘पाटी वाचून लोक येतात, हें कळ्ळें,’’ तो म्हणाला. पाटी काढून त्याने ढिगावर देवीचे डोळे काढले आणि परत लावली. पुन्हा ट्रक आला नाही.

पणजीला पर्यटन खात्याच्या कचेरीत मीच त्याला घेऊन गेलो. हेल्मेट गाडीत ठेव म्हणून सांगितले, त्याने काखेत धरले. साहेब सभ्य होता. त्याने विचारले, तुमच्याकडे बीच आहे का? ‘‘ना,’’ आबा म्हणाला. किल्ला? ‘‘सड्यावयल्यान तेरेखोलचो दिसता. पयस. हवा बरी आसली तर.’’ मग तुमच्याकडे पाहण्यासारखे आहे तरी काय?

‘‘सावळी,’’ आबा म्हणाला.

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटले, सावली म्हणतोय. साहेब हसून म्हणाला, सावली बघायला कोण एवढ्या लांब येतो?

‘‘तूं एक दीस दनपारां तुज्या बीचार बस,’’ आबा म्हणाला. ‘‘मागीर म्हाका सांग.’’

साहेब अजून हसत होता, आणि तिथेच माझे डोके फिरले. आबाला हसायचे तर मी हसेन, मला त्याचा अधिकार होता, दुसऱ्याला नव्हता. मी टेबलावर हात आपटून जे बोललो ते इथे लिहीत नाही. आम्हाला बाहेर काढले. जिन्यावर आबा मला म्हणाला, ‘‘तूं बरो बोलतां. पूण फुडल्या फावट तूं गाडयेंत बस आनी हेल्मेट भितर धाड.’’

आता हे मान्य करावे लागेल की पहिले पाहुणे आबाने नाही, मी आणले. हरमलच्या किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारा एक माणूस माझ्या ओळखीचा होता. त्याच्याशी दोन दिवस घासाघीस केली आणि थंडीतल्या एका रविवारी गाडी भरली: बहुतेक गोरे, आणि पुण्याचे एक मध्यमवयीन जोडपे. गावाला निरोप आधीच पोचला होता. चढ चढून देवळासमोर आलो तर सगळा गाव नवे कपडे घालून उभा. दोन ढोल. दोन माणसांच्या हातांत दोन आरत्या. मी दार उघडणार तोच दोघे एकदम पुढे आले आणि दोघांनी एकदम दार बाहेरून बंद केले.

गोव्याबाहेरच्या माणसाला हे सांगावे लागेल. आमच्या देवळांत प्रत्येक गोष्टीचा मान ठरलेला असतो. पहिला नारळ कोणाचा, दिवटी कोणाची, ढोलावर पहिली काठी कोणाची. हे मान घराण्यांचे असतात आणि त्यासाठी भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही. आणि बसमधून पाहुणे उतरवून घ्यायचा मान कोणाचा, हे कधी ठरलेच नव्हते, कारण बसमधून पाहुणे कधी आलेच नव्हते. वरच्या वाड्याचे म्हणणे, देवळाचा पहिला नारळ आमचा, म्हणजे पहिला पाहुणाही आमचाच. खालच्या वाड्याचे म्हणणे, गाडीचे दार आमच्या हद्दीत उघडते.

‘‘मग मी गाडी एक हात फुडे घेतंय,’’ मी खिडकीतून ओरडलो.

‘‘गाडी हालयशी तर याद राख,’’ खालून आवाज आला.

ऊन चढत होते. आत गोरी माणसे खिडक्यांना नाक लावून बसली होती. पुण्याचे गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘अहो, आम्ही उतरू का?’’

‘‘बस,’’ आबा हेल्मेट सावरत म्हणाला. ‘‘तुजेच खातीर चल्लां सगळें.’’

शेवटी देवीलाच विचारायचे ठरले. आमच्याकडे कौल लावतात. देवीच्या मुखवट्यावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि थांबायचे. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाहुण्यांना गाडीतच ठेवता येईना, तेव्हा आबाने शिटी वाजवून, हात खाली दाबून, त्यांना कोणीही उतरवून न घेता आपले आपण उतरायला लावले आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसवले. उतरले, पण आले असे धरायचे नाही, असे दोन्ही वाड्यांनी कबूल केले.

गुरवाने विचारले, मान वरच्या वाड्याचा का? सगळे गप्प. ढोलवाले गप्प. डावी पाकळी पडली. खालच्या वाड्याचा का? पुन्हा ते थांबणे. पुन्हा डावी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटले, आता विचारतील: मग गाडीवाल्याचा का? दुसरे उरले होते कोण? आबा पुढे आला आणि म्हणाला, ‘‘पाहुणे आपूणच आपलो नाल्ल दवरतले काय विचार.’’ पाहुण्यांनी स्वतःच देवीला नारळ ठेवायचा. पाकळी पटकन उजवी पडली.

मग गाऱ्हाणे झाले. गाऱ्हाणे म्हणजे गावाने देवाशी मोठ्याने बोलणे. जुना गावकर, म्हणजे मूळ घराण्यातला मानकरी, पुढे उभा राहून मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे असते. गावकराने डोळे मिटले. ‘‘आई सातेरी, राखणदारा म्हाराजा, हीं लेकरां दर्या पलतडसून तुज्या दारांत आयल्यांत म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘कित्याक आयल्यांत तें तांचें तांकांच खबर म्हाराजा.’’ म्हणजे कशाला आली ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘तरीय तांकां सुखरूप परत पावय म्हाराजा.’’

तिसऱ्या वेळी पायऱ्यांवरची एक उंच गोरी बाई सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, इतकी ठणठणीत की गावकराचे डोळे उघडले. त्यानंतर ती सगळी मंडळी दुपारभर वडाच्या सावलीत बसली. पेज जेवली. सभेतल्या त्या म्हातारीने पुण्याच्या गृहस्थांना मध्ये घालून उंच बाईला पगार, मुले आणि जात तिन्ही विचारले, आणि बाईने दोन प्रश्नांची उत्तरे दिली. तिसरे काय ते पुण्याच्या गृहस्थांना तिला समजावता येईना. निघताना ती म्हणाली की तिला सगळ्यात काय आवडले, तर फूल पडायची वाट बघत सगळ्यांनी गप्प बसणे. आबाने माझ्याकडे बघितले. पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो, कारण प्रसादाचे नारळ वाटले जात होते. वरच्या वाड्याला, खालच्या वाड्याला, ढोलवाल्यांना, पाहुण्यांना. ज्याने ही माणसे आणली तो दाराशी उन्हात उभा.

मी बोललो. सगळ्यांसमोर, मोठ्याने. आबा एवढेच म्हणाला, ‘‘तुका मागीर.’’

तुला नंतर. मी ते धरून बसलो.

थंडीभर आणि उन्हाळाभर पाहुणे आले, थोडे थोडे, पण आले. पाऊस लागला आणि थांबले. गाडीचे छप्पर गळायला लागले. नेमके त्याच दिवसांत डिचोलीकडच्या एका कारखान्याकडून मला विचारणा झाली. कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार, त्यांना सकाळी आणायचे आणि संध्याकाळी सोडायचे. बारा महिने गाडी भरलेली. माझ्यासारख्या एका गाडीच्या माणसाला असे काम आयुष्यात एकदा येते. मी त्यांनाही घाई नाही असे तोंड करून दाखवले आणि माझ्या अटींवर ठरवले. जत्रेनंतर सुरू करायचे. आबाला दिलेला शब्द जत्रेपर्यंतचाच होता, त्यामुळे मला कोणी काही म्हणू शकत नव्हते.

आबाला सांगितले. तो म्हणाला, ‘‘बरें.’’ मग म्हणाला, ‘‘जात्रेक घरकान्नीक घेवन यो.’’

जत्रेला बायकोला घेऊन गेलो. निळी गाडी धुऊन पुसून देवळासमोर उभी केली. शेवटचा दिवस म्हणून मलाही जरा वाईट वाटत होते, ते मी तोंडावर दाखवले नाही. गर्दी मोठी होती. सगळे मान झाले, दिवट्या झाल्या आणि गावकर गाऱ्हाण्याला उभा राहिला. त्याच्या जरा मागे, सगळ्यांना दिसेल असा, आबा. देवळात तो हेल्मेट काढून हातात धरायचा, पण एक हात मोकळा होता.

‘‘गावांत पीक बरें येवंदी म्हाराजा.’’ आबाचा हात वर, पंजा खाली. ‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘भुरग्यां-बाळांक सांबाळ म्हाराजा.’’ पंजा खाली. ‘‘व्हय म्हाराजा.’’

मीही म्हणत होतो. लहानपणापासून म्हणत आलेलो, त्यात विचार काय करायचा?

‘‘ही जी निळ्या रंगाची गाडी, रोज सकाळीं आनी सांजे तुज्या दारांत येवन उबी रावता म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ती अशीच रोज येत रावंदी म्हाराजा.’’

आबा सरळ माझ्याकडे बघत होता. उघडा पंजा हळूच खाली आला. तळीच्या काठावरून वर्षभर मी ज्या हाताकडे आरशात बघून चाक सोडत होतो, तोच हात. सोड. हळू सोड. आणि मी सोडले.

‘‘व्हय म्हाराजा,’’ मी म्हणालो.

‘‘तिका बंद करपाची बुद्द कोणाकूच दिवं नाका म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले. बायको माझ्या शेजारी हात जोडून सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाली.

मग ढोल वाजले आणि मानाचा एक नारळ देवळाबाहेर आणून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. वरच्या वाड्याने धरलेला, खालच्या वाड्याने हात लावलेला. कौल आधीच लावून झाला होता म्हणे, उजवा पडला होता. मला कोणी विचारले नव्हते.

गर्दी पांगल्यावर मी आबाला वडाजवळच्या माडाखाली गाठले. ‘‘ह्या तुझा काम.’’

‘‘म्हजें न्हय. गावकारान म्हटलां. आनी तुवेंय म्हटलां.’’

‘‘आणि माझा नाव खय असा रे? गाडयेचो रंग सांगितलास. माझा नाव घेताना जीभ झिजली तुमची? नारळ बॉनेटाक आणि मी काय हवेन चलयतंय गाडी?’’

आबाने हेल्मेट डोक्यावर चढवले, कारण वर माड होता. ‘‘तूं मनीस,’’ तो म्हणाला. ‘‘तुका राग येता. आज आसलो, फाल्यां नासलो. गाडयेक राग येना.’’

मी बायकोकडे बघितले. ती पदराने हसू झाकत होती. ‘‘चला,’’ ती म्हणाली. ‘‘आता काय देवीक खोटा पाडतलात?’’

कारखान्याला मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितले. शब्द देऊन मोडलेला माझ्या आयुष्यातला तो एकच सौदा, आणि घासाघीस न करता दिलेला शब्द देवीपुढचा तो एकच.

गाडी अजून जाते. ती निळी भंगारात गेली, मग दुसरी निळी घेतली, आता तिसरी आहे. रंग बदलायची सोय नाही, गाऱ्हाण्यात निळा आहे. पाहुणे थंडीत येतात, पावसाच्या शेवटी सड्यावर फुले येतात तेव्हा येतात. पण खरे सांगायचे तर गाडी त्यांनी भरलेली नाही. पाहुण्यांसाठी म्हणून बायकांनी कोकम, काजू, फणसाचे तळलेले गरे करायला घेतले, ते उरायला लागले, आणि उरलेले घेऊन त्या आठवड्याच्या बाजाराला निघाल्या. आता बाजाराच्या दिवशी मला दोन फेऱ्या कराव्या लागतात आणि तरी टपावर पोती असतात. आबाने माणसे आणतो म्हटले होते. ती गावातच होती.

आबा जाऊन बरीच वर्षे झाली. हेल्मेट देवळात खुंटीला आहे. गुरव माडाखालून जाताना घालतो, आणि गावात अजून नारळ पडून कोणी मेलेले नाही.

माझे भांडण चालूच आहे. दरवर्षी जत्रेच्या आधी मी देवस्थानाकडे जातो आणि गाऱ्हाण्यात गाडीबरोबर माझेही नाव घाला म्हणून सांगतो. ते म्हणतात, देवीला विचारू. दरवर्षी पाकळ्या लावतात आणि दरवर्षी डावी पडते. मी ओरडतो, पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसतो आणि गाऱ्हाणे सुरू झाले की परत जातो, कारण बॉनेटवरचा नारळ घ्यायला कोणीतरी लागतेच. मला कधी कधी वाटते, आत मुखवट्यामागे उभा राहून आबाच मूठ आवळतो.

यंदा मात्र उजवी पाकळी सुटली. अर्ध्यावर आली आणि तिथेच मुखवट्याच्या गालाला अडकून राहिली. डावीही पडेना. सगळे थांबले. बऱ्याच वेळाने गुरव वळून मला म्हणाला, ‘‘देवी विचार करता.’’

‘‘करू दे,’’ मी म्हटले. ‘‘माका घाई नाय.’’